समुद्रापासून चालत पाच मिनिटं

मराठी माणसाने तमिळ मुलखात जोडलेल्या जागांमध्ये जिंजीइतकी वेळेला उपयोगी पडलेली जागा दुसरी नाही. शिवाजी महाराजांनी दक्षिण दिग्विजयात १६७७ साली हा किल्ला घेतला आणि त्याची तटबंदी नव्याने मजबूत करवून घेतली. रायगडापासून इतक्या लांब एवढा खर्च कशाला, हा प्रश्न एखाद्या कारकुनाच्या मनात आलाच असेल. बारा वर्षांनी रायगडाला मोगलांचा वेढा पडला, राजाराम महाराज निसटून जिंजीला पोचले आणि पुढची आठ वर्षं मराठ्यांचं राज्य तिथूनच चाललं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात महाराष्ट्राबाहेरचा एकटा जिंजीच आहे. ‘सेकंड होम’ विकणाऱ्या बिल्डरला याहून भक्कम दाखला शोधून सापडणार नाही.

आजकाल चेन्नईत नोकरीला असलेला मराठी गृहस्थ जागा बघायला निघतो, तेव्हा त्याच्या मागे औरंगजेब लागलेला नसतो. त्याच्या मागे ओएमआर लागलेला असतो. ओएमआर म्हणजे जुना महाबलीपुरम रस्ता. त्यावरच्या आयटी कंपन्या, मेट्रोचं खोदकाम, एवढ्या-तेवढ्या कारणाने तुंबणारी वाहनं आणि बाराव्या मजल्यावरचा तो फ्लॅट, ज्याच्या गॅलरीतून समोरच्याची गॅलरी दिसते. या रस्त्याला समांतर, बकिंगहॅम कालव्याच्या पलीकडे, समुद्राला खेटून ईस्ट कोस्ट रोड जातो. नीलांकरै, इंजंबाक्कम, मुट्टुकाडू, कोवलम, वडनेम्मेली, नेम्मेली अशी एकामागून एक गावं. सुरूची झाडं, नारळ, ताड, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या. शनिवारी सकाळी इथे गाडी थांबवून शहाळं पिणाऱ्या माणसाच्या डोक्यात तिसऱ्या घोटाला घर उभं राहतं आणि पाचव्या घोटाला त्यात झोपाळा येतो.

मराठी माणसाच्या डोक्यात ते जरा लवकरच उभं राहतं. कोकणात एक छोटंसं घर, मागे दोन माड, एवढीच त्याची मागणी असते. पण आजोबांनी जमीन विकून टाकलेली असते आणि महाराष्ट्रात कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेतकरी व्हायला जमीन हवी आणि जमीन घ्यायला शेतकरी असायला हवं, या चक्रात अनेक सुशिक्षित माणसं निवृत्त झाली. तमिळनाडूत अशी अट नाही. कमाल जमीनधारणेची मर्यादा पाळा आणि खुशाल घ्या. ज्याला मेथी आणि शेपू बायकोला विचारल्याशिवाय ओळखता येत नाहीत, त्याला सरकार शेत घेऊ देतं, हे कळल्यावर गृहस्थाला तमिळ संस्कृतीबद्दल एकदम आपुलकी वाटू लागते.

मग एजंट भेटतो. हा एजंट सकाळी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात येतो, कपाळावर विभूती असते, हातात दोन मोबाइल असतात आणि त्याच्या तोंडी ‘नो प्रॉब्लेम सार’ हे एकच उत्तर असतं. पाणी? नो प्रॉब्लेम सार. रस्ता? नो प्रॉब्लेम सार. समुद्र किती लांब? चालत पाच मिनिटं सार. हे चालणं कोणी, कधी, कुठल्या वाटेने मोजलं याची चौकशी करू नये. एजंटच्या पाच मिनिटांत वाटेतला कालवा, कोळंबीचं पडीक तळं आणि कुण्या बड्या असामीच्या बंगल्याची कुंपणाची भिंत धरलेली नसते.

त्यात मापं वेगळी. महाराष्ट्रात गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. इथे शेतजमीन सेंटमध्ये, म्हणजे एकराच्या शंभराव्या हिश्श्यात मोजतात आणि घराची जागा ग्राउंडमध्ये. एक ग्राउंड २४०० चौरस फुटांचं. एक गुंठा म्हणजे अडीच सेंट आणि साडेपाच सेंट म्हणजे जवळपास एक ग्राउंड, एवढं पाढ्यासारखं पाठ झाल्याशिवाय सौदा करायला बसू नये. गृहस्थ नाक्यावर उभा राहून मोबाइलवर भागाकार करतो तोवर एजंट सेंटचा भाव ग्राउंडवर नेऊन परत आणतो.

या किनाऱ्यावर असा फशी पडणारा तो काही पहिला नव्हे. मद्रास शहराचा जन्मच अशा एका ‘साइट व्हिजिट’मधून झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे याने १६३९ साली दामर्ल वेंकटाद्री नायकाकडून समुद्रालगतची वाळूची एक पट्टी पदरात पाडून घेतली. २२ ऑगस्ट हा त्या व्यवहाराचा दिवस मानून चेन्नई आजही आपला वाढदिवस साजरा करते. व्यापारी कंपनीने व्यापारासाठी घेतलेल्या या जागेला बंदर नव्हतं. गलबतं खोल पाण्यात उभी राहत आणि माणसं, माल, मेमसाहेब सगळं मसुला होड्यांतून लाटा खात काठावर येई. पक्कं बंदर व्हायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली. मग हीच जागा का? तर जवळच्या पोर्तुगीजांच्या सान थोमेत डे साहेबांचं प्रेमपात्र राहत होतं, अशी कुजबुज तेव्हापासून चालत आली आहे. पुढे किल्ल्याचा खर्च पाहून लंडनच्या संचालकांनी कपाळाला हात लावला. ‘तुम्ही तिथे जाऊन नेमकं बघितलंत काय?’ हा प्रश्न जागा घेणाऱ्याला घरून विचारला जाण्याची इथली परंपरा पावणेचारशे वर्षांची आहे.

भाव ठरला की कागद सुरू होतात. महाराष्ट्रात सातबारा बघितला की माणसाला निम्मं समजतं. इथे पट्टा हवा, अडंगल हवा, मोजणीचा एफएमबी नकाशा हवा, तीस वर्षांचा बोजा दाखला हवा आणि शिवाय ज्या मूळ दस्तातून बाकी सगळे दस्त निपजले तो ‘तायपत्रम्’, म्हणजे आई-दस्त हवा. आई-दस्त बहुधा एजंटच्या म्हणण्याप्रमाणे ‘बँकेच्या लॉकरमध्ये’ असतो. गावचा तलाठी म्हणजे इथला व्हीएओ. वंशपरंपरेचे कर्णम एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने १९८० साली घरी बसवले आणि त्यांच्या जागी हा परीक्षा देऊन आलेला ग्राम प्रशासन अधिकारी नेमला. एका व्हीएओकडे बरीच कामं असल्यामुळे तो ‘आत्ताच बाहेर गेला’ असतो. या बाबतीत दोन्ही राज्यांत काडीचा फरक नाही.

खरी गंमत सह्यांची. तमिळनाडूने १९८९ साली हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला आणि देशाला २००५ पर्यंत थांबावं लागलं. कायदा उत्तमच. त्याचा उत्तमपणा जागा विकत घेणाऱ्याला तेव्हा कळतो, जेव्हा विकणाऱ्या चार भावांना तीन बहिणी निघतात, त्यातली एक मदुराईला असते, एक सिंगापूरला आणि तिसरी गावातच असून भावांशी बोलत नसते. वडिलांच्या बाराव्याला झालेलं भांडण मिटल्याशिवाय सही मिळणार नाही, असा निरोप येतो. मग पुण्याच्या मध्यमवर्गीय घरात वाढलेला, स्वतःच्या चुलत भावाशी दहा वर्षं न बोललेला गृहस्थ एका अनोळखी तमिळ कुटुंबात समेट घडवायला मिठाईचा डबा घेऊन जातो.

जागा मंजूर ले-आउटमधली आहे ना, हे बघावं लागतं ते वेगळंच. ‘एलिफंट’ राजेंद्रन या नावाने प्रसिद्ध असलेल्या वकिलांच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये बेकायदा भूखंडांची नोंदणी थांबवली आणि राज्यभरच्या एजंटांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या वर्षी नियमितीकरणाचे नियम आले तेव्हा कुठे नोंदणीची गाडी हलली. त्याच २०१७ साली सरकारने जमिनीचे मार्गदर्शक दर ३३ टक्क्यांनी उतरवले आणि नोंदणी शुल्क एका टक्क्यावरून चारवर नेलं. २०२३ मध्ये दर पुन्हा चढवले आणि शुल्क दोन टक्के केलं. सात टक्के मुद्रांक शुल्क आपल्या जागी अढळ आहे. कुठल्या साली घ्यायला हवी होती, हे गृहस्थाला प्रत्येक जण सांगतो. ते साल नेहमी उलटून गेलेलं असतं.

समुद्रकिनाऱ्यालगतची जागा असेल तर १९९१ पासून लागू झालेले किनारा नियमनाचे नियम आडवे येतात. भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात बांधकाम करता येत नाही, आणि गावाकडच्या किनाऱ्याला हे अंतर मूळ नियमांत २०० मीटर होतं. म्हणजे समुद्राचा जो देखावा दाखवून जागा विकली जाते, तो देखावा दिसेल इतक्या जवळ घर बांधायला मनाई असते. यावर एजंटचं उत्तर काय असतं ते वाचकांनी ओळखलं असेलच.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन घेऊन बसायचं. मुहूर्ताच्या दिवशी इतकी गर्दी उसळते की नोंदणी खातं त्या दिवसांसाठी जादा टोकन जाहीर करतं. एका निधर्मी राज्याचं सरकारी खातं पंचांग बघून खिडक्या उघडतं आणि यात कोणाला काही वावगं वाटत नाही. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. त्या दीड तासात आपलं टोकन पुकारलं गेलं की विकणारे सगळे भाऊ एकदम चहा प्यायला बाहेर जातात. संगणक चालू, वीज चालू, कारकून हजर आणि अंगठा द्यायला माणूस नाही. बारा वाजून एक मिनिटाने सगळे भाऊ आत येतात, इतकंच नव्हे तर न बोलणारी बहीणही येते.

बांधकामाच्या काळात घराचा पहिला रहिवासी आधीच येऊन बसतो. पिळदार मिशा, वटारलेले डोळे आणि बाहेर काढलेली लालभडक जीभ असं हे दृष्टबाहुलं स्लॅबवर बांधलं जातं, कारण अर्धवट घराला नजर फार लागते. घराचा फोटो गावी आईला पाठवला की ती घराबद्दल काही न बोलता विचारते, ‘तो वरती बसलेला माणूस कोण रे?’

गृहप्रवेशाला गाय लागते. ताटात ठेवायची चांदीची नव्हे. खरी, सवत्स, चार पायांची. शेजारच्या पाट्टींची गाय ठरते. पाट्टी म्हणजे इथल्या आजी. वय विचारलं तर त्या उत्तराच्या जागी एका वादळाचं वर्णन सांगतात. सकाळी सहाला गाय फाटकातून ऐटीत येते आणि उंबऱ्यापाशी थांबते. समोर गुळगुळीत, दूधपांढरी, दोन महिने दुकानं पालथी घालून निवडलेली फरशी असते. गाय एक खूर ठेवते, तो सरकतो, ती तो उचलून घेते आणि सगळ्यांकडे तिरस्काराने बघते. पाट्टी ओरडतात, त्यांचा नातू धावत जाऊन सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणतो, उंबऱ्यापासून देवघरापर्यंत त्यांचा रस्ता होतो आणि त्या गोण्यांवरून गाय वासरासह दिवाणखान्यात येते. तिथे पोचताच ती जे करते त्याने भटजी प्रसन्न होतात, पाट्टी प्रसन्न होतात आणि गृहिणीचा चेहरा कोराच राहतो. फार शुभ आहे, पुसायचं नाही, असं तिला तीन भाषांत सांगितलं जातं. दूध उतू घालवण्यावर मात्र मराठी आणि तमिळ दोन्ही बाजूंचं लगेच एकमत होतं.

राहायला आल्यावर पहिला घोटाळा पावसाचा. मराठी रक्तात सात जूनचा गजर लावलेला असतो. रोहिणी सरली, मृग लागला की माणूस आभाळाकडे बघतो. चेन्नईच्या किनाऱ्यावर जूनमध्ये आभाळाकडे बघितलं तर फक्त डोळे दुखतात. मे महिन्यातलं ‘अग्नी नक्षत्रम्’ संपलं असं पंचांग सांगतं, पण उन्हाला ते कोणी कळवलेलं नसतं. इथे वर्षाला साधारण १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्येकडून येतो. जूनमध्ये पुण्याचे नातेवाईक भज्यांचे फोटो पाठवतात तेव्हा गृहस्थ बनियनवर बसून ताडगोळे सोलत असतो. दिवाळीत तो पाण्यात उभा राहून आकाशकंदील सोडवत असतो, तेव्हा ते ‘काय छान थंडी पडलीय’ असं कळवतात.

आणि इथला पाऊस एकटा येत नाही, सोबत नाव घेऊन येतो. १२ डिसेंबर २०१६ ला वरदा वादळ थेट चेन्नईवर धडकलं आणि शहरभरची झाडं रस्त्यांवर आडवी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँगने चेन्नईला पाण्यात बसवलं. गावातले लोक वादळाच्या आदल्या दिवशी होड्या वर ओढतात, झापांवर दगड ठेवतात आणि झोपतात. गृहस्थ हवामान खात्याचं संकेतस्थळ, चार खासगी हवामानतज्ज्ञ आणि एक उपग्रहचित्र यांच्यावर रात्रभर पहारा देतो. सकाळी पाट्टींचं छप्पर शाबूत असतं आणि ह्याची सौर पाणीबंबाची टाकी तिसऱ्या गल्लीत सापडते.

पाण्याचं आणखी वेगळं. कालवा आणि समुद्र यांच्यामधल्या या वाळूत गोड्या पाण्याचा उथळ साठा आहे. पूर्वी थोडं खणलं की पाणी लागे. मग शहर आलं, टँकर आले, बोअर आले आणि उपसा वाढला तसं समुद्राचं खारं पाणी खालून आत सरकू लागलं. २००३ साली जयललिता सरकारने प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं केलं, त्याचा काही काळ चांगला उपयोगही झाला. आता नेम्मेलीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचे दोन प्रकल्प आहेत. एक २०१३ चा, रोज दहा कोटी लिटरचा आणि दुसरा २०२४ मध्ये सुरू झालेला, पंधरा कोटींचा. हे पाणी मोठमोठ्या नळांतून शहराकडे जातं. शहराला कंटाळून आलेला गृहस्थ फाटकाशी टँकरची वाट बघत उभा असतो आणि त्याने सोडलेल्या फ्लॅटमधला भाडेकरू ते गोडं पाणी पीत असतो. शेवटी तोही बोअर मारतो. पाट्टींची विहीर पंचवीस फुटांची. ह्याचा बोअर किती खोल गेला, हे तो कोणाला सांगत नाही.

समुद्राचं खारं वारं तब्येतीला चांगलं असतं, पण ते फक्त माणसाच्या. लोखंडाची तब्येत ते पहिल्या वर्षातच बिघडवतं. आधी फाटकाच्या बिजागऱ्या कुरकुरतात, मग खिडकीच्या गजांना फोड येतात, मग एसीच्या मागची नळी गळते आणि शेवटी फ्रिजच्या खालच्या कडेला तांबडी नक्षी उमटते. तमिळनाडूत घरगुती विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं आणि पहिले १०० युनिट फुकट असतात. एसी बंद पडला की बिल खरंच फार कमी येतं.

जनावरांचा शेजारही जागेसोबत मिळतो, त्याला वेगळी स्टँप ड्यूटी नसते. वडनेम्मेलीजवळ रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी १९७६ साली मगरींचं संवर्धन केंद्र थाटलं. तिथे आज दोन हजारांवर मगरी-सुसरी आहेत. डिसेंबर २०१५ च्या पुरात या मगरी बाहेर पडल्याची अफवा उठली आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघर पोचली. एकही मगर बाहेर पडलेली नाही, असं केंद्राने पुन्हा पुन्हा सांगितलं. अफवा मात्र पाणी ओसरल्यावरही काही दिवस पोहत होती. याच केंद्राच्या आवारात इरुळा या आदिवासी जमातीतल्या सर्पमित्रांची, १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था आहे. सापाच्या कातडीच्या व्यापारावर बंदी आल्यावर या लोकांनी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं पकडून, विष काढून, काही आठवड्यांनी साप परत सोडण्याचा धंदा उभा केला. प्रतिविष बनवणाऱ्या कंपन्या हे विष नेतात. मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोन इरुळा जाणकारांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

गृहस्थाच्या मोरीत धामण निघते तेव्हा तो खुर्चीवर उभा राहून अग्निशमन दलाला फोन लावतो, कारण इथे सापासाठी त्यांनाच बोलावतात. बंब यायच्या आत पाट्टी खराटा घेऊन येतात आणि तिला परसात घालवून देतात. ‘उंदीर खाते बिचारी,’ असं त्या म्हणतात आणि खुर्चीवरच्या माणसाकडे बघतात. त्या दिवसापासून गावात त्याची ओळख पक्की होते.

शांततेबद्दलही बोलायला हवं, कारण शांततेसाठीच तर तो आला होता. तमिळ आडी महिना म्हणजे जुलै-ऑगस्ट. गावोगावच्या मारियम्मनच्या देवळांत नाचणीची आंबील, म्हणजे कूळ, शिजवतात आणि येईल त्याला वाढतात. आंबिलीला आग्रह लागत नाही, पण ती शिजत असल्याची वर्दी द्यायला ध्वनिक्षेपक लागतो. तो नारळाच्या झाडाला, गृहस्थाच्या शयनगृहाच्या उंचीवर बांधलेला असतो आणि पहाटे साडेचारला एल. आर. ईश्वरी यांचा खणखणीत आवाज अम्मनची भक्तिगीतं घेऊन थेट उशीत उतरतो. गणेशोत्सवात वर्षानुवर्षं पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर राहिलेल्या माणसाला याची तक्रार करण्याचा नैतिक अधिकार उरलेला नसतो. पुढे मार्गळीत, म्हणजे ऐन डिसेंबरात, पहाटे तिरुप्पावैची स्तोत्रं लागतात, आणि तोवर त्याला काही ओळी पाठ झालेल्या असतात.

अशा खेड्यांत एकत्र घरं करून राहण्याचे मोठे प्रयोग याच रस्त्यावर झाले. मद्रासच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९६६ साली इंजंबाक्कमला चोलमंडल हे कलाग्राम वसवलं. चित्रं विकून पोट भरत नाही हे ठाऊक असल्याने त्यांनी आधी बाटिकची कापडं आणि हस्तकलेच्या वस्तू विकून पैसे जमवले, त्यातून सुरूच्या झाडांतली काही एकर वाळू घेतली आणि झावळ्यांच्या झोपड्या घातल्या. या वेड्यांचं इथे काय होणार, असं तेव्हा शहराला वाटलं होतं. कलावंत राहिले, पक्की घरं झाली, २००९ मध्ये संग्रहालयही झालं. पण त्यांनी गाठलेलं खेडं राहिलं नाही. २०११ मध्ये इंजंबाक्कम महापालिकेत आलं. जागेवरून न हलता ही मंडळी पुन्हा शहरात राहायला आली.

मुट्टुकाडूच्या दक्षिणचित्रची तऱ्हा उलटी. डेबोरा त्यागराजन यांच्या पुढाकाराने १९९६ साली उघडलेल्या या ठिकाणी चार राज्यांतली जुनी घरं विकत घेऊन, खांब-दारांवर आकडे घालून, सुटी करून आणली आणि पुन्हा जोडली. चेट्टिनाडचा वाडा इथे आहे, केरळातल्या सीरियन ख्रिस्ती कुटुंबाचं घर आहे. आखणी लॉरी बेकर यांची. बाकी सगळे घरासाठी गाव शोधतात, इथे घरांसाठी गाव बांधलं. गळणारं छप्पर, वारसांची भांडणं आणि ध्वनिक्षेपक एवढं सोडून खेड्यातलं सगळं तिथे तिकीट काढून बघायला मिळतं.

आणखी दक्षिणेला, पुदुच्चेरीजवळ, ऑरोविल. २८ फेब्रुवारी १९६८ ला १२४ देशांची माती एका कलशात घालून सुरू झालेली ही वसाहत पन्नास हजार माणसांसाठी आखली होती. आज ती साडेतीन हजारांच्या आसपास अडली आहे. इथे घरासाठी पैसे भरावे लागतात, पण घर आपलं होत नाही. ते ऑरोविल प्रतिष्ठानचंच राहतं. जमिनीची मालकीच नसेल तर भांडणं होणार नाहीत, असा त्यामागचा उदात्त विचार. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या नियोजित वर्तुळाकार रस्त्यासाठी झाडं पाडायला यंत्रं आली आणि ज्यांनी माळावर ती झाडं वाढवली होती ते आडवे झाले. वाद हरित लवादाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे सातबारा नसतानाही कोर्टाची पायरी चढता येते, हे ऑरोविलने सिद्ध केलं.

तिकडे आपला गृहस्थ दोन वर्षांत चांगला मुरतो. ‘परवाइल्ले’, म्हणजे ‘चालतंय’, असं म्हणायला शिकतो. नारळ उतरवणारा ‘उद्या येतो’ म्हणाला की तो कुठल्याही दिवशी येईल हे समजून घेतो. पाट्टींना पुरणपोळी देतो, त्यांना ती फिकी लागते. वाटी परत येताना त्यात सांडगी मिरच्या असतात. आणि मग एक दिवस पलीकडच्या सुरूच्या बनात पिवळ्या रंगाचे खांब दिसतात. नवा ले-आउट. चाळीस भूखंड. पांढऱ्या शर्टातला एक माणूस, दोन मोबाइल घेऊन, एका जोडप्याला समुद्राची दिशा दाखवत असतो.

तमिळनाडूत गांधीजयंतीला गावोगाव ग्रामसभा भरते. गृहस्थ त्या दिवशी वेष्टी नेसून जातो. चार दिवस घोकलेलं तमिळ भाषण तो खडखडीत आवाजात करतो. बाहेरची माणसं येऊन गावाचं वातावरण बिघडवत आहेत. ह्यांना गावाशी देणंघेणं नाही. झाडं जातील, दिवे येतील, पाण्याची पातळी खाली जाईल. मागच्या बाजूला पाट्टी मान हलवत असतात. हेच भाषण त्यांनी या जागेवर, दोन वर्षांपूर्वीच्या गांधीजयंतीला, न घोकता केलेलं असतं.

अध्यक्ष शांतपणे ऐकून घेतात. पाण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, ते म्हणतात, आणि ग्रामसेवकाला वही उघडायला सांगतात. गावातल्या सगळ्या बोअरची नोंद आजच करून टाकू. सुरुवात मुद्दा मांडणाऱ्यांपासून. ‘तुमचा किती फुटांचा सार?’

गृहस्थाला एकाएकी तमिळ येईनासं होतं. सभेत जरा वेळ फक्त पंख्याची घरघर. मग पाट्टीच हात वर करून म्हणतात की उन्हं चढायला लागलीत, पुढचा विषय घ्या. पुढचा विषय मारियम्मनच्या देवळाच्या कुंभाभिषेकाची वर्गणी. अध्यक्ष घरवार यादी वाचू लागतात. सातव्या क्रमांकावर, पाट्टींच्या खाली आणि मोठ्या वाण्याच्या वर, गृहस्थाचं नाव आधीच लिहिलेलं असतं, रकमेसकट.